बसलेल्या गालांपासून सुटलेल्या पोटापर्यंत

एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या, रांगेतला जुना पेशंट एकेकाळी चेहऱ्यावरून ओळखू यायचा. गालफडं बसलेली, हातापायांच्या शिरा वर आलेल्या, तळपायांची आग. विषाणू आटोक्यात होता, माणूस कामाला जात होता. पण लपवलेला आजार त्याचा चेहराच गावाला सांगून टाकायचा. आज त्याच रांगेतली तक्रार उलटी आहे. पोट सुटलंय, पँट कमरेत बसत नाही, साखर वाढलीय.

मधली वीस वर्षं औषधं बदलत गेल्याची आहेत. 1 एप्रिल 2004 ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा देशभरात आठच केंद्रं होती. त्यांतलं मुंबईचं जे. जे. रुग्णालय धुळे-जळगावच्या माणसाला रातभराच्या प्रवासावर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, भुसावळला रेल्वेचं जंक्शन; त्या वाटांनी आजार इथे आधी पोचला, औषध मागून. आता धुळ्याच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय रुग्णालयात गोळी मिळते.

त्या काळची गोळी म्हणजे स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन. मुंबईच्या सिप्लाने 2001 मध्ये हे तिन्ही एकाच गोळीत आणले, तेही दिवसाला एका डॉलरच्या आत, आणि गरीब देशांत उपचार शक्य झाला. किंमत शरीराने मोजली. स्टॅव्हुडिन विषाणूला अडवतं, तसं पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियालाही इजा करतं. गाल, हात, मांड्या इथली चरबी झडते, नसा दुखावतात, क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साचून जीव धोक्यात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हे औषध हळूहळू बंद करायला सांगितलं. तरीही त्या गोळीला शिव्या घालवत नाहीत. तिच्यामुळे जगलेले लोकच आज साठीकडे चाललेत.

मग त्याच्या जागी झिडोव्हुडिन आलं. काहींचं रक्त कमी झालं. त्यानंतर रात्री एकच घ्यायची टीएलई, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि इफाविरेन्झ: चक्कर, विचित्र स्वप्नं, पण गाल शाबूत. त्यातलं टेनोफोव्हिर मूत्रपिंड आणि हाडांवर लक्ष ठेवायला लावतं. 2017 पासून सीडी-फोर या प्रतिकारपेशींचा आकडा कितीही असो, निदान झालं की उपचार. आणि 2020 नंतर टप्प्याटप्प्याने टीएलडी, म्हणजे इफाविरेन्झच्या जागी डोलुटेग्राव्हिर. विषाणू झपाट्याने दबतो, त्रास कमी. वजन मात्र वाढतं.

किती वाढतं? दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडव्हान्स चाचणीत 48 आठवड्यांत इफाविरेन्झवाल्यांचं वजन सरासरी 1.7 किलोने वाढलं, टेनोफोव्हिर-डोलुटेग्राव्हिरवाल्यांचं 3.2 किलोने; बायकांत वाढ जास्त. यातलं काही वजन आजाराने खाल्लेलं परत येतं, ते हवंच. इफाविरेन्झ वजन दाबून धरत होतं, असंही एक स्पष्टीकरण आहे. पण आपल्याकडे तराजूवर विसंबून भागत नाही. मोफत एआरटी सुरू झाली त्याच 2004 मध्ये पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचं उदाहरण ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं: दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाला पोटावरचे तीन किलो म्हणूनच महागात पडू शकतात. वजनकाट्याइतकीच कमरेला टेप लागायला हवी.

त्यात विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह राहतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतासह बारा देशांत 7,769 जणांवर झालेल्या रिप्रीव्ह चाचणीने 2023 मध्ये दाखवलं की पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने हृदयाच्या मोठ्या घटना 35 टक्क्यांनी घटतात. तंबाखूची पुडी सोडणं आणि शेवभाजीवरचा तवंग कमी करणं याला मात्र कुठलीच गोळी पर्याय नाही. तवंगाचं खानदेशात बोलणं जिवावर येतं, तरी बोलायला हवं.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. आपल्याकडे एका माणसाचे दोन आजार दोन पिशव्यांत राहतात. एआरटीचं पुस्तक घरातही लपवलेलं आणि साखरेची फाइल गावातल्या खासगी डॉक्टरकडे. त्याला एआरटीचा पत्ता नाही. लपवण्याचं कारण समजतं, ते चुकीचंही म्हणता येत नाही. पण डोलुटेग्राव्हिर मेटफॉर्मिन या साखरेवरच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून दोन्ही चालू असताना मेटफॉर्मिन साधारणपणे दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. ही गोष्ट त्या डॉक्टरला कळणार कशी?

तेव्हा ताई, दादा, वजन वाढलं म्हणून गोळी स्वतःहून थांबवू नका. थांबवली तर विषाणू परत उसळतो. पुढच्या खेपेला केंद्रावर साखर, कोलेस्टेरॉल, क्रिॲटिनिन तपासायला सांगा. साखरेची गोळी चालू असेल तर तिची रिकामी पट्टी सोबत न्या. गावातल्या डॉक्टरला सांगणं जमत नसेल, तर निदान एआरटीच्या डॉक्टरला तरी सगळं दाखवा.