जुनी गाडी घेताना : डिझेल की पेट्रोल?

घरात जुनी गाडी घ्यायची चर्चा निघाली की रंग, सीट, एसी हे सगळे मागे पडते आणि बोलणे मायलेजवर येऊन थांबते. मग मामू सांगतात, मेहुणे सांगतात, शेजारचा ड्रायव्हर तर शपथेवर सांगतो, "डिझेल घ्या, चालवायला स्वस्त पडते." आपल्या बऱ्याच घरांत व्याजाचे कर्ज नको म्हणून साठवलेल्या पैशांतूनच, रोखीने गाडी घेतली जाते. दोन-अडीच लाखांची ती रक्कम जमवायला काही वर्षे गेलेली असतात. गाडी चुकली तर पुढच्या वर्षी मुलीची फी किंवा छपराची दुरुस्ती यांसाठी ठेवलेला पैसा गॅरेजात जातो. म्हणून हा सल्ला एकदा कागदावर मांडून तपासायला हवा.

सल्ला खोटा नाही, जुना आहे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये लिटर आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक! त्या काळात ज्याने त्याने डिझेल घेतले आणि कंपन्यांनीही तशाच गाड्या बनवल्या. पण २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले आणि फरक आटत गेला. २०२० च्या जूनमध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले होते. मुंबईत २०२४ च्या जुलैमध्ये पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे आणि डिझेल ९० च्या आसपास होते, म्हणजे फरक तेरा-चौदा रुपयांचा. मामूंच्या डोक्यात अजून २०१२ चा पंप आहे, एवढेच.

दर जवळ आले तरी डिझेलचा दुसरा फायदा शिल्लक राहतो, तो म्हणजे मायलेज. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन हवेला फार जोरात दाबते. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहापटीने दाबली जाते, तर डिझेलमध्ये सोळा-अठरा पटीने. त्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल स्वतःच पेट घेते, त्याला स्पार्क प्लग लागत नाही, आणि इंधनातली जास्त ताकद चाकापर्यंत पोहोचते.

आता हिशोब करू. माझे आकडे अंदाजाचे आहेत. तुम्ही तुमच्या पंपाचे आणि तुमच्या गाडीचे घाला. जुनी पेट्रोल हॅचबॅक लिटरला १५ किलोमीटर देते आणि तशीच डिझेल १९ देते असे धरू. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे, डिझेलचा ४ रुपये ७४ पैसे. वाचले साधारण सव्वादोन रुपये. हिशोबाला २ रुपये २० पैसे घेऊ.

महिन्याला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या घराचे यातून वर्षाला १३,२०० रुपये वाचतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालणाऱ्याचे ३९,६०० वाचतात. सल्ला देणारा ड्रायव्हर दुसऱ्या गटातला असतो, आणि ऐकणारे बहुतेक वेळा पहिल्या.

कारण दुसऱ्या बाजूला देखभाल आहे. गाडी आठ-दहा वर्षांची झाली की डिझेलचे महागडे भाग एकामागून एक हात दाखवू लागतात. त्यात इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बो, ईजीआर व्हॉल्व्ह आणि क्लच आलेच. काही गाड्यांत दुहेरी फ्लायव्हीलही असते. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बार दाबाने, केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. पाणी किंवा कचरा मिसळलेले डिझेल एकदा गेले तरी ही छिद्रे खराब होऊ शकतात. पेट्रोल गाडीत प्लग, इग्निशन कॉइल, सेन्सर बिघडतात, पण ते काम गल्लीतला मिस्त्री दुपारपर्यंत करून देतो. या जादा देखभालीपोटी मी जुन्या डिझेल गाडीमागे वर्षाला पंधरा हजार बाजूला ठेवायला सांगेन. एखाद्या वर्षी त्यातले काहीच लागणार नाहीत, एखाद्या वर्षी सगळे एकदम लागतील. पंधरा हजार भागिले दोन रुपये वीस पैसे, म्हणजे वर्षाला ६,८०० किलोमीटर. त्याच्या खाली डिझेलने काही वाचत नाही. त्यातच डिझेल गाडी घेतानाच साठ हजार जास्त मोजले आणि ती पाच वर्षे वापरली, तर वर्षाचे बारा हजार आणखी वाढतात आणि रेषा थेट बारा हजार किलोमीटरवर, म्हणजे महिन्याला हजारावर जाते.

किलोमीटर किती, याइतकेच ते कसे चालतात हेही महत्त्वाचे. मुलांना शाळेत सोडणे, बाजार, शुक्रवारी मशीद, संध्याकाळी सासुरवाडी, सगळे तीन-चार किलोमीटरच्या आत असेल तर डिझेल इंजिन पूर्ण तापतच नाही. काजळी ईजीआरमध्ये आणि नळ्यांत साचत राहते. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर काजळी धरणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. पुणे-सोलापूर दर आठवड्याला करणाऱ्याला हा त्रास जाणवत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याला डॅशबोर्डवरचा दिवा सोडत नाही.

कोकणातल्या घरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कमावता माणूस कुवेतला किंवा दुबईला, गाडी दापोलीला नाहीतर राजापूरला दारात झाकून. सुट्टीत दीड महिना लग्ने, दावती, मुंबई विमानतळाच्या फेऱ्या, आणि मग दहा महिने शांतता. वर्षाचे किलोमीटर चार-पाच हजारांवर जात नाहीत. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत ओल धरते, डिझेलमध्ये पाणी उतरते. डिझेलची बॅटरीही मोठी आणि महाग असते. इथे मला पेट्रोल गाडीच बरी वाटते. पेट्रोलही निर्दोष नाही, त्यातले इथेनॉल ओल ओढून घेते, म्हणून घरच्यांनी आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटे खरोखर चालवावी. नुसती दारात सुरू करून बंद करणे उपयोगाचे नाही. डिझेल आधीच घरात असेल तर टाकी भरून ठेवा आणि परत आल्यावर फिल्टरखालचे पाणी काढून मगच लांबचा प्रवास करा.

इथेनॉलचे आणखी एक आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत मायलेज ६-७ टक्के घटेल, असे निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. वरच्या हिशोबात ते धरले तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला पंचेचाळीस-पन्नास पैशांनी वाढतो आणि डिझेलची बाजू थोडी वर येते. जुन्या पेट्रोल गाडीच्या इंधन नळ्या आणि रबरी सील मात्र बदलून घ्यावेत. हा खर्च फार नसतो.

सगळी डिझेल इंजिने सारखी नसतात, हेही सांगायला हवे. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसले; पुण्याजवळच्या रांजणगावात ते तयार होत असे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केले तरी या इंजिनाचे भाग आणि जाणकार मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतात. डस्टर, टेरानो, मायक्रा, लोगनमधले दीड लिटरचे डिझेल इंजिन उत्तम मायलेज देते, पण त्यात टायमिंग बेल्ट आहे. तो वेळेवर बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे नसेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच उघडावे लागते.

कागदपत्रांचाही खर्च असतो. थर्ड पार्टी विमा डिझेल-पेट्रोल पाहत नाही, इंजिनाचे सीसी पाहतो. २०२२ च्या जूनपासून हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजारापर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असा दर लागू झाला, त्यावर कर वेगळा. २४९४ सीसीची जुनी इनोव्हा घेणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. पंधरा वर्षांनी आरसीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. २०२२ च्या एप्रिलपासून नूतनीकरणाची फी कारसाठी पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार. बारा-तेरा वर्षांची गाडी घेत असाल तर हा खर्च विकणाऱ्याचा नव्हे, तुमचा आहे.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह पुष्कळांना होतो. राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. २०२५ मध्ये त्यात काही ढील मिळाली. महाराष्ट्रात अशी सरसकट मनाई नाही, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे येतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी एवढे धरल्यावर ती गाडी किती स्वस्त उरते ते पाहा. एनओसी हातात येईपर्यंत बयाणाही देऊ नये.

महिन्याला हजार किलोमीटरवर जाणाऱ्याने, तेही लांबच्या पल्ल्याचे, डिझेल निर्धास्त पाहावे. पाचशेच्या आत असणाऱ्याने पेट्रोल घ्यावे. पुढे सीएनजी किट बसवायची वाट मोकळी राहते. फक्त किटची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी हवी. मधल्यांनी गाडीची हालत पाहून ठरवावे, इंधन पाहून नव्हे.

ती हालत पाहायला सकाळी लवकर जा आणि विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. थंड इंजिन एका झटक्यात सुरू व्हायला हवे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. वेग वाढवताना काळा धूर आला तर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट जाते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर सौदा सोडा. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहा. वाफेसारखा धूर जोराने बाहेर येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत. आणि बोनेट आधीच गरम लागले, तर चहा घ्या, सलाम करा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा या.