दोघी बायका, तीन रात्री आणि एक साधं लॉज

मैत्रिणींनो, मुंबईला काम निघालं की आपल्याला आधी नातेवाईक आठवतात. पण दोन खोल्यांच्या घरात आजारी माणूस घेऊन उतरलं, तर त्या घरच्या बाईची किती ओढाताण होते, हे आपल्यासारख्यांना का सांगायला हवं? म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात सासूबाईंच्या तपासण्या ठरल्या, तेव्हा मी लॉजच बघायचं ठरवलं. ह्यांना रजा नव्हती. माझी शाळा अर्ध्या वेळेची, तेव्हा सोबत मीच. (अशा रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे, पण तिथं जागा मिळेलच असं नाही.)

पहिल्या लॉजमधल्या गृहस्थांनी "बरोबर पुरुषमाणूस नाही?" असं विचारलं आणि वही मिटली. सकाळी साडेसात वाजता, हातात पिशव्या, बाजूला थकलेल्या सासूबाई! सज्ञान बाईला खोली घ्यायला नवऱ्याची सोबत लागते, असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र दाखवावं, वहीत नाव लिहावं, झालं. आधारची प्रत द्यायची तर पहिले 8 आकडे झाकलेली द्यावी. तशी प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते.

दुसरं लॉज दादर पूर्वेला. भिंतीचे पोपडे निघालेले, लिफ्ट नाही. पण मॅनेजरांनी वही उघडण्याआधी सासूबाईंची चाल बघितली. "आजींना तळमजल्यावरची खोली देतो. जिन्याशेजारी आहे, जरा आवाज येईल," म्हणाले. खोलीतला दोष स्वतःहून सांगणारा माणूस मला तरी चकचकीत आरशांपेक्षा भरवशाचा वाटतो. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, हे मात्र मी आधी विचारून घेतलं. बाराचं असेल तर पहाटे उतरणाऱ्याला काही ठिकाणी एका दिवसाचं भाडं जास्त पडतं. भाड्यावर जीएसटी 5 टक्के लागला. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर 2025 पूर्वी तो 12 टक्के होता.

सासूबाईंचं तोंड आलेलं, तिखटाचा कणही सोसेना. खोल्या झाडणाऱ्या मुलानं हे ऐकलं आणि न सांगता भटारखान्यात निरोप दिला. रात्री गुरगुट्या भात आला, वर साजूक तूप, मीठ वेगळं. सासूबाईंनी तीन दिवसांत पहिल्यांदा वाटी रिकामी केली. त्या मुलाची आई रत्नागिरीकडे एकटी असते, हे त्यांनीच त्याच्याकडून काढून घेतलं. मला कुठलं जमायला!

बायोप्सीच्या आदल्या रात्री त्यांना झोप येईना. "माझं काही झालं तर पाटल्या तुलाच," असं काहीबाही बोलू लागल्या. मी बाहेर पाणी आणायला गेले, तर रखवालदारांनी विचारलं, "आजी जाग्या आहेत? चहा देऊ?" रात्रीचा दीड वाजला होता. त्यांच्या स्टोव्हवरचा चहा आम्ही दोघींनी खाटेवर बसून प्यायला आणि पाटल्यांचा विषय मागे पडला.

निघताना बक्षिशी बहुधा समोर दिसेल त्याच्या हाती पडते. भटारखान्यातला आचारी आणि रात्रीचा रखवालदार तेव्हा समोर नसतात. मी तीन पाकिटं केली, वर नावं घातली आणि मॅनेजरांकडे दिली. घरून नेलेले बेसनाचे लाडू सासूबाईंनी त्या मुलाला दिले. रिपोर्ट घ्यायला पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं आहे. तीच तळमजल्यावरची खोली मॅनेजरांनी राखून ठेवली आहे.