कॅलेंडरात नसलेला सण

अमेरिकेत जूनच्या पहिल्या शुक्रवारी डोनटचा दिवस असतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना डोनट तळून देणाऱ्या बायकांची आठवण म्हणून १९३८ साली शिकागोत 'साल्व्हेशन आर्मी'ने तो सुरू केला. आपल्याकडे २०१५ पासून चेन्नईकरांनी ३० मार्च इडलीला देऊन टाकला. वाचून हसू येते खरे. पण नगरी माणसाने फार हसू नये. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, जिभेवर मात्र 'नगरी'च राहिले आहे.) आषाढ सरत आला की घरोघर आखाड तळायचा, नागपंचमीला चिरणे-तळणे नको म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे, अधिक महिना आला की जावयाला बोलावून धोंडे वाढायचे... पदार्थांना दिवस नेमून देण्यात आपण कुणाला हार जाणारे नव्हे!

या साऱ्यांना पंचांगात जागा आहे. ज्याला नाही, तो सण म्हणजे हुरडा.

त्याची तिथी कणीस ठरवते. पावसाळ्याच्या शेवटच्या ओलीवर पेरलेली रब्बीची ज्वारी डिसेंबर-जानेवारीत दाण्यात येते. दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकाचा होतो आणि शेवटी टणक. चीक घट्ट होत आला आहे, पण नखाने दाबला तर दाणा अजून मऊ आहे, हाच मुहूर्त. एका वावरात तो जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. म्हणून जाणता शेतकरी हुरड्यापुरत्या काकऱ्या थोड्या मागेपुढे पेरतो. शिवाय भाकरीची मालदांडी वेगळी आणि हुरड्याची गुळभेंडी, सुरती, कुचकुची वेगळी. हुरड्याच्या वाणाचा दाणा गोड आणि बोंडातून चटकन सुटणारा हवा. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण खास हुरड्यासाठीच काढले आहेत. विद्यापीठाने हुरड्याची दखल घ्यावी, याहून मोठा मान तो कोणता!

मग आगटी. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, ज्वाळा अजिबात नको. कणसे निखाऱ्यात खुपसायची, दांडे बाहेर. हिरवा वास सुटला की एकेक ओढायचे आणि गरम असतानाच तळहातावर चोळायचे. हे येरागबाळ्याचे काम नाही. शहरातून आलेला पाहुणा हौसेने एक कणीस हातात घेतो आणि लगेच फुंकर मारू लागतो. आगटीपाशी बसलेले आजोबा मात्र गप्पा मारता मारता दाणे मोकळे करतात, फोलपट फुंकून उडवतात आणि ओंजळ पुढे करतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचे तिखट, गूळ, रेवड्या, बोरे. त्यावर पाणी पिऊ नये, ताक प्यावे, हा जुन्या माणसांचा दंडक.

आता या आगटीला दर लागला आहे. मोठ्या रस्त्यांच्या कडेला हिवाळ्यात पाट्या उभ्या राहतात: माणशी इतके, मुलांना निम्मे, झोका आणि बैलगाडी फुकट. पूर्वी हुरडा बोलावून खाऊ घालत. पैसे मागायला शेतकरी ओशाळत असे. त्यामुळे जुनी मंडळी नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हिरवे कणीस मोडले की तेवढी ज्वारी खळ्यावर येणार नसते. त्यातून ही ज्वारी हाताने उपटून काढावी लागते, त्याला माणसे मिळत नाहीत. पाखरे राखायची तीही गोफण घेऊन. म्हणून वावरे ऊस आणि कांद्याकडे गेली. दुभत्या जनावरांना कडबा लागतो, म्हणून ती थोडीफार तरी टिकली. अशा पिकाला हुरड्याचे दोन पैसे मिळत असतील तर मिळू द्यावेत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. वर्ष संपले, पण ज्वारी पेरायची की नाही हे शेतकऱ्याला दर हंगामात ठरवावे लागते. १९७२ च्या दुष्काळात याच ज्वारीच्या मुलखाने अमेरिकेची लाल मिलो रांगेत उभे राहून घेतली होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.

मला खुपते ते दुसरेच. ज्याला स्वतःचे वावर नाही, त्यालाही पूर्वी या आगटीची हाक येत असे. काढणीला येणारी बाई, शेजारचा मेंढपाळ, शाळेतून परतणारी पोरे, सगळी बसत. पाटी लागल्यावर फाटकातून आत येतो तो मोटारीतला पाहुणा. आगटीपाशी कणसे चोळणारे हात मात्र पुष्कळदा त्याच काढणीच्या बाईचे असतात, आणि तिची पोरे फाटकाबाहेर.

काही ठिकाणी अजून एक रिवाज पाळतात. पाटी लावण्याआधीची पहिली आगटी गावासाठी, बिनपैशाची. त्या दिवशी मालक स्वतः चोळायला बसतो आणि उरलेला हुरडा उन्हात वाळवून घरोघर वाटला जातो. तो भरडून उन्हाळ्यात थालीपीठ लावतात. वर लोणी असेल तर फारच छान.