बहुविभागी तबकडी-यंत्राची निवड

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' हा चित्रपट १९५५ साली प्रदर्शित झाला. अपूच्या जीवनावरील पुढील दोन चित्रपटांमुळे त्याची चित्रत्रयी पूर्ण झाली. १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हना जबर झळ बसली. पुढे अमेरिकेतील व इटलीतील तज्ज्ञांनी परिश्रमपूर्वक या त्रयीचे पुनरुज्जीवन केले, आणि 'क्रायटेरियन कलेक्शन' या अमेरिकन संस्थेने २०१५ मध्ये तिच्या तबकड्या प्रसिद्ध केल्या. परंतु त्या संचातील ब्लू-रे तबकडी भारतासाठी बनविलेल्या साध्या ब्लू-रे यंत्रात घातली, तर पडद्यावर चित्रपटाऐवजी ती या विभागासाठी नसल्याची सूचना दिसते. तबकडीत दोष नसतो, यंत्रातही नसतो. त्या दोहोंमध्ये एक सीमारेषा आखलेली असते. यंत्राची निवड करण्यापूर्वी या सीमारेषेचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

डीव्हीडी १९९६ मध्ये जपानच्या बाजारात व १९९७ मध्ये अमेरिकेत आली. त्या काळी एकच चित्रपट निरनिराळ्या देशांत काही महिन्यांच्या अंतराने प्रदर्शित होत असे. अमेरिकेत निघालेली तबकडी युरोपात आधीच पोहोचली, तर तेथील चित्रपटगृहांचे उत्पन्न बुडेल, अशी निर्मात्यांना भीती होती. म्हणून जगाचे सहा विभाग पाडण्यात आले. अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात. पश्चिम युरोप, मध्यपूर्व व जपान दुसऱ्या. आग्नेय आशिया तिसऱ्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व लॅटिन अमेरिका चौथ्या. भारत, रशिया व आफ्रिकेचा बराचसा भाग पाचव्या. आणि चीन सहाव्या विभागात गेला. तबकडीवर विभागाचा क्रमांक नोंदलेला असतो आणि यंत्रातही तसाच क्रमांक असतो. दोन्ही जुळले, तरच यंत्र चित्रपट दाखविते. वेष्टनावर पृथ्वीच्या गोलाच्या चिन्हात हा क्रमांक छापलेला आढळतो. काही तबकड्यांवर असे कोणतेच बंधन नसते.

२००६ मध्ये आलेल्या ब्लू-रे तबकडीसाठी ही विभागणी नव्याने करण्यात आली. 'ए' विभागात अमेरिका खंड, जपान, कोरिया व आग्नेय आशिया; 'बी'मध्ये युरोप, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया; आणि 'सी'मध्ये भारत, चीन व रशिया यांचा समावेश होतो. २०१६ पासून मिळू लागलेल्या अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकड्यांना मात्र विभागांचे बंधन नाही.

विभागाच्या या बंधनाशी दूरचित्रवाणीच्या पद्धतींची गल्लत होता कामा नये. अमेरिका व जपान यांनी एनटीएससी ही पद्धत स्वीकारली; तीत ५२५ रेषा व सेकंदाला सुमारे ३० चित्रे असतात. भारत व युरोपातील बहुतेक देशांनी स्वीकारलेल्या पाल पद्धतीत ६२५ रेषा व सेकंदाला २५ चित्रे असतात. विभाग व्यापाराच्या सोयीसाठी पाडलेले आहेत; पद्धतींमधील भेद मात्र तांत्रिक इतिहासातून आलेला आहे. जपान व ब्रिटन हे डीव्हीडीच्या एकाच विभागात येतात, पण त्यांच्या पद्धती भिन्न आहेत. म्हणजे विभाग जुळूनही चित्र नीट न दिसण्याची शक्यता राहतेच. शिवाय, चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने घेतलेला असल्याने पाल तबकडीवर तो किंचित वेगाने धावतो, आणि १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. त्यामुळे अशा तबकडीतून काही भाग कापला गेला आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

तेव्हा ग्राहकाने यंत्र घेताना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. यंत्र कोणकोणत्या विभागांच्या तबकड्या चालविते? आणि ते दोन्ही पद्धतींच्या तबकड्या दाखविते काय? पाल देशांत विकली जाणारी यंत्रे सामान्यतः एनटीएससी तबकड्याही चालवितात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रांविषयी उलट अशी खात्री देता येत नाही. परदेशाहून यंत्र आणावयाचे झाल्यास त्याच्या मागील पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असा उल्लेख आहे की नाही, हेही पाहावे. केवळ अमेरिकेतील १२० व्होल्टच्या विजेसाठी बनविलेले यंत्र भारतातील २३० व्होल्टच्या विजेवर थेट जोडल्यास जळू शकते.

'बहुविभागी' या शब्दाने विशेष फसगत होते. पुष्कळ ब्लू-रे यंत्रांच्या बाबतीत हा शब्द केवळ डीव्हीडीपुरता खरा असतो. ब्लू-रेच्या बाबतीत ते एकाच विभागाला बांधलेले राहते. डीव्हीडी यंत्राचा विभाग काही वेळा दूरनियंत्रकावरील विशिष्ट कळा दाबून बदलता येतो. ब्लू-रे यंत्रात मात्र बहुधा आतील भागांत फेरफार करावा लागतो, आणि त्यामुळे उत्पादकाची हमी संपुष्टात येऊ शकते. संगणकातील डीव्हीडी यंत्राचा विभाग साधारणतः पाचच वेळा बदलता येतो. त्यानंतर शेवटचा विभाग कायम होतो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दुकानात जाताना निरनिराळ्या विभागांच्या तबकड्या बरोबर नेणे. एक अमेरिकन व एक युरोपीय डीव्हीडी आणि त्याच दोन विभागांच्या ब्लू-रे तबकड्या समोर चालवून पाहिल्यास यंत्राची बहुतेक परीक्षा होते. त्यासाठी निवडलेल्या ब्लू-रे तबकड्या विभागाने बांधलेल्याच असाव्यात. बंधनमुक्त तबकडी कोणत्याही यंत्रात चालते, आणि तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ग्रंथालयांच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. भेटीदाखल आलेल्या वा परदेशातून मागविलेल्या अनेक तबकड्या कपाटात असतात, आणि त्यांतील काही चित्रपट अन्यत्र सहजी उपलब्ध होत नाहीत. वाचक तबकडी घेऊन येतो, यंत्र ती नाकारते, आणि ती खराब झाली असे समजून नोंदवहीतून कमी केली जाते. अशी तबकडी रद्द करण्यापूर्वी तिच्या वेष्टनावरील विभाग व पद्धत तपासावी, आणि त्या दोन्ही गोष्टी तालिकेत नोंदवून ठेवाव्यात. कोणते यंत्र विकत घ्यावे, याचे उत्तर ग्रंथालयाला त्या नोंदींतूनच मिळू शकेल.