माँट्रियलचे चौदा झोत

(कॅनडाचे वार्तापत्र)

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माँट्रियलला सव्वाचारच्या आतच सूर्य मावळतो. सहा तारखेच्या संध्याकाळी, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत, शहराला जिचं नाव मिळालं त्या माँ-रोयाल टेकडीवर माणसं जमतात. पाचच्या सुमारास एक नाव घेतलं जातं आणि प्रकाशाचा एक झोत सरळ आभाळात चढतो. मग दुसरं नाव, दुसरा झोत. अशी चौदा नावं, सगळी बायकांची.

त्याच दिवशी महाराष्ट्रात चैत्यभूमीपुढे रांग लागलेली असते आणि पाथर्डीपर्यंत गावोगावी बाबासाहेबांना अभिवादन होत असतं. तारीख एक, हा केवळ योगायोग. पण कॅनडा समजून घ्यायला पाथर्डीच्या वाचकाला हीच तारीख जवळची पडेल.

६ डिसेंबर १९८९. एकोल पॉलितेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात पंचवीस वर्षांचा एक तरुण रायफल घेऊन वर्गात शिरला. त्याने मुलगे आणि मुली वेगळे केले, मुलग्यांना बाहेर काढलं आणि आपली लढाई स्त्रीवादाशी आहे असं सांगितलं. आम्ही फक्त इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुली आहोत, असं नाताली प्रोव्हो ही विद्यार्थिनी त्याला समजावू पाहत होती. तिला चार गोळ्या लागल्या, तरी ती वाचली. चौदाजणी मेल्या: अभियांत्रिकीच्या बारा विद्यार्थिनी, परिचर्या शिकणारी एक आणि महाविद्यालयात नोकरी करणारी एक. पोलिसांच्या प्रसिद्धी विभागाचे प्रमुख पिएर लक्लेर बाहेर बातमीदारांशी बोलून आत गेले, तेव्हा त्यांना स्वतःच्या मुलीचा, मारीझचा, मृतदेह दिसला.

शहराने तिथे एक चौक या दिवसाच्या नावाने राखला. त्यावरच्या फलकावर वर्षानुवर्षं 'शोकांतिका' असाच शब्द होता. तो स्त्रीवादविरोधी हल्ला होता, असं तिथे स्पष्ट लिहिलं जायला २०१९ उजाडावं लागलं. मधली तीस वर्षं वाचलेल्या मुली, मेलेल्यांचे आईबाप आणि त्यांच्याबरोबर उभे राहिलेले नागरिक पगार न घेता, पदं न मिरवता हेच सांगत राहिले.

त्यांनी मेणबत्त्या लावल्या, पण मागणी नेमकी ठेवली: बंदुकीचा कायदा. मारेकऱ्याने ती रायफल दुकानातून कायदेशीर विकत घेतली होती. १९९५ मध्ये कायदा झाला, बंदुकींची नोंदवही आली. २०१२ मध्ये रायफलींची नोंद रद्द झाली आणि ही मंडळी पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली. त्या जातीच्या रायफलीवर बंदी आली ती मे २०२० मध्ये, तीस वर्षं उलटल्यावर. नाताली प्रोव्हो २०२५ मध्ये खासदार म्हणून निवडून आल्या.

हत्याकांडानंतर दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, टोरांटोमध्ये जॅक लेटन, मायकल कॉफमन आणि रॉन स्लूसर यांनी पुरुषांना साधं आवाहन केलं: छातीवर पांढरी फीत लावा. फितीचा अर्थ असा, की मी बाईवर हात उचलणार नाही, उचलणाऱ्याला पाठीशी घालणार नाही आणि गप्पही बसणार नाही. तिसरी अट सगळ्यांत जड. भावकीतला, मित्रांतला, कामावरचा माणूस मारतो हे ठाऊक असूनही पुरुष 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून वळून जातो. कॅनडातही आणि पाथर्डीतही. ही फीत पुढे साठावर देशांत गेली.

त्याच वर्षी मुंबईत पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवेत. २०५ पुरुषांनी उत्तर दिलं. त्यातूनच १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली आणि हरीश सदानी यांनी ते काम आजवर चालवलं. पांढरी फीत आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, पण हे काम परक्या देशातून आणलेलं नाही, हे मराठी माणसाने लक्षात ठेवावं.

पूर्वेकडच्या माँट्रियलहून पश्चिमेच्या ब्रिटिश कोलंबियात गेलं की दुसराच कॅनडा भेटतो. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट हा सुमारे ७२० किलोमीटरचा सोळा क्रमांकाचा महामार्ग दाट जंगलातून जातो. दोन गावांमध्ये लांबवर वस्ती नाही. या वाटेवर मुली नाहीशा होत गेल्या, त्यांतल्या बहुतेक आदिवासी समाजांच्या. रस्त्याला नाव पडलं 'अश्रूंचा महामार्ग'. दवाखान्याला, शाळेला, मैत्रिणीकडे जायचं तर परवडणारी, सोयीची बस नव्हती. मुली रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवून अनोळखी गाडीत बसत.

२००६ मध्ये प्रिन्स जॉर्जला परिषद भरली. त्याआधी नातेवाईक तो सगळा रस्ता पायी चालून आले होते. परिषदेने ३३ शिफारशी केल्या. पहिली शिफारस होती बसची. बस सुरू झाली २०१७ मध्ये. एका बससाठी अकरा वर्षं आया-मावश्या चालत राहिल्या, अर्ज करत राहिल्या.

याच महामार्गालगत २०११ मध्ये पॉल लासर्ट आणि त्यांची मुलगी रेव्हन मूसच्या शिकारीला गेले होते. मूस म्हणजे हरणाच्या कुळातलं, घोड्यापेक्षा थोराड जनावर. मिळालेल्या कातड्याचे त्यांनी छोटे चौकोन कापले आणि पुरुषांना वाटले. नखाहून थोडा मोठा, मऊ, तपकिरी तुकडा, कोटाच्या कॉलरला टाचलेला. कुणी विचारलं, 'हे काय?' की बायकांवरच्या हिंसेबद्दल बोलणं सुरू होतं. असे तुकडे आता लाखोंनी वाटले गेलेत. वर्षातून एक दिवस हे पुरुष सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी सोडतात. मोहटादेवीच्या नवरात्रात घराघरांतल्या बायका उपवास धरतात, ते पाथर्डीला सांगायला नको. बाईच्या सुखरूपतेसाठी पुरुषाने दिवसभर उपाशी राहावं, ही कल्पना मात्र नवी वाटेल.

आता आपल्याकडच्या ऊसतोडीकडे वळू. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस जगभर स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध पाळले जातात. डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहाच्या माणसांनी १९६० मध्ये मिराबाल बहिणींना मारलं, ती तारीख पंचवीस नोव्हेंबर. पाथर्डी तालुक्यात या दिवसांत टोळ्या निघून गेलेल्या असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा. वयात आलेली मुलगी आजीकडे ठेवावी तर जीव टांगणीला, फडावरच्या कोपीत न्यावी तर तिथे दाराला कडी नाही. मग चौदा-पंधराव्या वर्षी तिचे हात पिवळे होतात आणि आणखी एक कोयता पुरा होतो. आईबापाला लेक नकोशी असते असं नाही; तिला ठेवायला सुरक्षित जागा नसते.

महामार्गाला बस हवी होती, तसं इथे वसतिगृह हवं आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्याने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आणली. तिला नाव दिलं संत भगवानबाबांचं, ज्यांचा भगवानगड याच पाथर्डी तालुक्यात आहे. टोळी निघण्याआधी जागा मिळते का, स्वच्छतागृहाला दार आहे का, अधीक्षिका मुक्कामी राहते का, हे विचारायला गावातला माणूस लागतो.

कॅनडात असं विचारणारे थेट नगरपालिकेत जातात. ऑन्टारिओतल्या रेन्फ्रू भागात २२ सप्टेंबर २०१५ रोजी एकाच माणसाने तीन बायकांना मारलं; त्या तिघींशी त्याची आधीपासून ओळख होती. २०२२ मध्ये मृत्यूंच्या चौकशीला बसलेल्या पंचांनी, म्हणजे साध्या नागरिकांनी, ८६ शिफारशी केल्या. पहिली अशी: जोडीदाराकडून होणारी हिंसा ही साथ आहे असं सरकारने जाहीर करावं. प्रांताने २०२३ मध्ये नकार दिला. पण कार्यकर्ते गावोगावच्या परिषदांपुढे उभे राहिले, आणि एकामागून एक ठराव झाले, टोरांटोनेही केला.

ठरावाची ताकद महाराष्ट्राला शिकवायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्यात शासनाने तो राज्यभरच्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकाची (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची) आहे, अंगणवाडीताई त्याला मदतनीस. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक रात्रीही चालू असतो. दिवाळीनंतर शाळा उघडते, तेव्हा आठवी-नववीच्या हजेरीपटावर कोणत्या मुलींपुढे रोज गैरहजेरी पडते आहे, ती नावं वर्गशिक्षकांकडे असतात. ती यादी ग्रामसभेत अजून कुणी मागितलेली नसेल, तर या सोळा दिवसांत मागता येईल.