‘आ’ आकातोंबोचा

जपानी गाण्यांची सूची उघडली की मराठी माणसाला आधी नवल वाटतं ते तिच्या क्रमाचं. आ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही तर आपलीच मुळाक्षरं, प्रवासात थोडी झिजलेली! बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत वर्णमाला चीनमार्गे जपानात पोहोचली, भिक्षूंनी ती घोकली आणि आपल्या भाषेचे ध्वनी तिच्या साच्यात बसवले. ‘म’च्या आधी ‘ह’ कसा, असं कुणी विचारील. तर त्या ‘ह’चा फार जुना उच्चार ‘प’ होता. ‘प’नंतर ‘म’, पवर्ग जागच्या जागी आहे. १८८९ ते १८९१ या काळात निघालेल्या ‘गेनकाइ’ या शब्दकोशानं हा क्रम घेतला आणि पुढं तो रूढ झाला. काराओकेच्या दुकानांत टेलिफोन डिरेक्टरीसारखी जाडजूड गाण्यांची पुस्तकं असत, तीसुद्धा याच क्रमानं लावलेली.

तेव्हा पहिलं पान ‘आ’चं. (उच्चार आपल्या ‘आ’सारखाच, फक्त आखूड.) मी बँकेत होतो तेव्हा खातेवहीच्या सूचीत ‘एस’चं पान सगळ्यांत आधी भरायचं, शिंदे, सावंत, साळुंखे आणि वर शहा. जपानी बालगीतांत ‘आ’ची तीच तऱ्हा. कारण साधं आहे. लाल म्हणजे ‘आका’, निळा म्हणजे ‘आओ’, पाऊस म्हणजे ‘आमे’, शरद ऋतू म्हणजे ‘आकी’. मुलांच्या गाण्याला आणखी काय लागतं? पण ते पान वाचत गेलो तसं माझ्या लक्षात आलं, की या रंगीबेरंगी गाण्यांत बरीच माणसं घर सोडून गेलेली आहेत.

यांतली बहुतेक गाणी १९१८ ते १९२७ या दहा वर्षांतली. त्याआधी शाळेत सरकारी गाणी असत, उपदेशानं ठासून भरलेली. ‘आओगेबा तोतोशी’ हे गुरुजनांचे आभार मानणारं निरोपगीत १८८४चं. त्याची चाल मूळची अमेरिकन, हे २०११ साली उघड झालं. या उपदेशाला कंटाळून सुझुकी मिएकिची यांनी १९१८ साली मुलांसाठी मासिक काढलं. त्याचं नावही ‘आ’चंच : ‘आकाइ तोरी’, लाल पाखरू. चांगले चांगले कवी मुलांसाठी लिहू लागले, आणि मुलांना दुःख कळतं हे त्यांनी धरूनच चाललं.

सूचीत आधी येते ‘आओइ मे नो निंग्यो’, निळ्या डोळ्यांची बाहुली. नोगुची उजो यांचं हे गाणं १९२१चं. अमेरिकेहून आलेली बाहुली जपानी बंदरात उतरते. भाषा कळत नाही, वाट चुकली तर काय, म्हणून तिचे डोळे भरून येतात. पुढं १९२७ साली अमेरिकेतल्या मुलांनी मैत्रीखातर बारा हजारांहून अधिक बाहुल्या खरोखरच जपानी शाळांना पाठवल्या. जपाननं उलट अठ्ठावन्न बाहुल्या धाडल्या. लोकांनी पाहुण्या बाहुल्यांना गाण्याचंच नाव दिलं. मग युद्ध आलं. शत्रूच्या बाहुल्या म्हणून त्या जाळल्या, फोडल्या गेल्या. काही शिक्षकांनी मात्र त्या शाळेतच गुपचूप लपवल्या. आज तीनशेंहून थोड्या अधिक उरल्या आहेत.

त्याच कवीचं ‘आकाइ कुत्सु’, लाल बूट, १९२२चं. लाल बूट घातलेली मुलगी योकोहामाच्या धक्क्यावरून परक्या माणसाबरोबर बोटीनं निघून जाते, एवढीच गोष्ट. १९७३ साली होक्काइदोमधल्या एका बाईंनी वृत्तपत्राला कळवलं, की ही मुलगी म्हणजे आपली सावत्र बहीण. शोध झाला. त्यातून जी हकिकत पुढं आली ती अशी : आईनं नाइलाजानं तीन वर्षांच्या किमीला मिशनरी दांपत्याच्या हवाली केलं. पण पोर क्षयानं आजारी पडली, बोटीवर चढलीच नाही. १९११ साली तोक्योच्या अनाथालयात ती गेली, वय नऊ. आई १९४८पर्यंत जगली, लेक अमेरिकेत आहे अशा समजुतीत. गाण्यातली मुलगी हीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तो वाद मिटावा असं फारसं वाटत नाही. योकोहामात १९७९ सालापासून त्या मुलीचा पुतळा समुद्राकडे पाहत बसला आहे, आणि अनाथालय होतं त्या आझाबू भागात १९८९ साली किमीचा वेगळा पुतळा उभा राहिला.

आणि ‘आकातोंबो’, म्हणजे लाल चतुर. आपण लहानपणी ज्याच्या शेपटीला दोरा बांधायचो तो. मिकी रोफू यांनी हे १९२१ साली लिहिलं, यामादा कोसाकु यांनी १९२७ साली चाल दिली. रोफू लहान असतानाच आईवडील वेगळे झाले होते आणि आई माहेरी निघून गेली होती. गाण्यात आई कुठंच नाही. आहे ती सांभाळणारी पोरसवदा दाई, जिच्या पाठीवरून त्यानं संध्याकाळचे चतुर पाहिले. पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि गावाकडची खबरबात बंद झाली. गंमत अशी, की ‘पाठीवर घेतलेला’ आणि ‘पाठलाग झालेला’ यांचा जपानी उच्चार एकच, ‘ओवारेते’. त्यामुळं चतुर आपल्या मागं लागले, असाच अर्थ लावत कितीतरी जपानी मुलं मोठी झाली. दुसरी चर्चा चालीची. आज जपानी माणूस या शब्दात आवाज मधे चढवतो. गाण्यात मात्र पहिला ‘आ’च उंच आहे. यामादा बोलण्यातले चढउतार जपून चाल बांधत. त्या काळी तोक्योत हा शब्द तसाच बोलला जाई, असं याचं उत्तर दिलं जातं. एका अक्षराच्या उंचीवर इतकी वर्षं बोलणारे रसिक मला आवडतात.

पान संपत येतं तेव्हा ‘आमेफुरी’ लागतं, १९२५चं, किताहारा हाकुशू यांचं. पावसात आई छत्री घेऊन न्यायला येते. वाटेत एक मूल भिजत, रडत उभं आहे. हा आपली छत्री त्याला देऊन टाकतो आणि आईच्या मोठ्या छत्रीत शिरतो.