वाढीचे औषध आणि रोजचा नेम

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारे एक संप्रेरक शरीराच्या वाढीचे नियमन करते. ते पुरेसे न स्रवल्यास मूल समवयस्कांच्या मानाने खुजे राहते. मृत मानवांच्या पोष ग्रंथींतून काढलेल्या संप्रेरकाने अशा एका मुलाची वाढ साधल्याचे मॉरिस रेबन यांनी अमेरिकेत १९५८ साली प्रसिद्ध केले. परंतु त्या संप्रेरकामुळे काही रुग्णांना मेंदूचा प्राणघातक रोग जडल्याचे १९८५ साली उघडकीस आले व त्याचा वापर थांबविण्यात आला. त्याच वर्षी सूक्ष्मजंतूंकरवी तयार केलेले संप्रेरक उपचारासाठी मान्य झाले.

लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा विभागांतील वैद्यांपुढे निदानाइतकाच बिकट असा एक प्रश्न असतो : औषध नेमाने घेतले जाते काय?

हे संप्रेरक प्रथिन असल्यामुळे पोटात घेतल्यास पचून जाते. म्हणून ते बहुधा रोज रात्री त्वचेखाली टोचावे लागते, आणि तेही कित्येक वर्षे. लहानपणी सुई आईवडील टोचतात. पौगंडावस्थेत मूल ते काम आपल्या हाती घेते आणि येथेच खंड पडू लागतो. याचे कारण केवळ आळस नव्हे. मधुमेही मुलाने इन्शुलिन चुकविल्यास त्रास लवकरच जाणवतो. ही सुई एक दिवस चुकली तर काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. परंतु आठवड्यातून दोन सुया चुकल्या, तर वर्षाकाठी १०४ चुकतात. म्हणजे जवळजवळ साडेतीन महिने औषधावाचून जातात. यौवनाच्या अखेरीस हाडांच्या टोकांजवळील कूर्चेचे अस्थीत रूपांतर झाले, की राहून गेलेली उंची पुन्हा मिळत नाही.

लखनौच्या उन्हाळ्यात पारा ४०° से. ओलांडतो, औषध मात्र सामान्यतः २° ते ८° से. तपमानात ठेवावे लागते. शीतकपाट नसलेल्या घरात वा प्रवासात नेम मोडतो, तो असा. आठवड्यातून एकदाच टोचावयाची औषधे २०२१ पासून काही देशांत मुलांसाठी मान्य झाली आहेत. तथापि नेमाची गरज त्यांनाही आहेच.

सुई रात्रीच्या जेवणाच्या वेळेशी जोडावी, दिनदर्शिकेवर खूण करावी, मुलाने स्वतः टोचताना वडीलधाऱ्याने जवळ असावे. चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट औषध घेऊ नये. मुख्य म्हणजे, चुकलेल्या सुया वैद्यापासून लपवू नयेत. वाढ मंदावलेली पाहून तो औषध अपुरे पडते असे समजेल आणि मात्रा वाढवील. उणीव मात्र औषधात नसून नेमात असेल.